गोदाकाठचा गदका आणि उदगीरची लाठी

इ. स. १७०८ साली बादशाह बहादूरशाहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेत उतरलेले गुरू गोविंदसिंग नांदेडास गोदावरीच्या काठी मुक्कामास असता डेऱ्यात शिरलेल्या एका पठाणाने त्यांच्यावर वार केला, आणि घायाळ अवस्थेतच गुरूंनी त्या मारेकऱ्यास आपल्या तलवारीने लोळविले, असे शीख परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर रोजी त्यांचा देहान्त झाला. परंतु तत्पूर्वी याच काठावर मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्यास त्यांनी बंदासिंग करून उत्तरेस धाडले होते. मराठवाड्यातील आत्मरक्षणविद्येचा वृत्तान्त याच स्थळापासून आरंभावा, असे माझे मत आहे. कारण शस्त्रे पूजेत राहिली आणि पूजेबरोबर ती चालविण्याचा अभ्यासही टिकला, असे दुसरे ठिकाण या प्रांतात मला दिसत नाही.

महाराजा रणजितसिंगांच्या द्रव्यसाहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची सध्याची वास्तू उभी राहिली, आणि त्याच सुमारास निजामाच्या चाकरीत आलेल्या लाहोरी फौजेतील शिपायांची कुटुंबे हैदराबादेप्रमाणे नांदेडासही स्थायिक झाली. गुरूंची शस्त्रे दिवाळीच्या सुमारास गोदेच्या पाण्याने धुतली जातात आणि होळीच्या सणात नंग्या तलवारींची ‘हल्ला’ मिरवणूक निघते. या उत्सवांत खेळला जाणारा गदका म्हणजे चामड्याच्या मुठीची लाकडी काठी आणि डाव्या हातात लहानशी ढाल. आपल्या जुन्या तालमींतील फरी-गदक्याचे साहित्यही नेमके हेच. शिर, तमाचा, बाहेरा असे एकेका अंगावरचे वार आणि त्यांचे तोड जोडीने घटवून घेण्याची रीत ज्याने पाहिली आहे, त्याला पंजाबी लष्कर आणि दख्खनी तालीम एकाच शिपाईगिरीच्या शाखा आहेत हे निराळे सांगावे लागत नाही.

लातूर-उदगिराकडची हकिकत याहून वेगळी. (आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर त्या काळी बिदर जिल्ह्यात होते.) निजामी अमलात सभेसाठी, खाजगी शाळेसाठी, इतकेच काय आखाडा काढण्यासाठीही सरकारी परवानगी लागे, सभांवरील निर्बंधांचे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक तर त्या पिढीच्या तोंडी शिवीसारखे बसले होते. दंड-बैठका काढणाऱ्या पोरांची सरकारास धास्ती वाटावी, यातच त्या आखाड्यांचे महत्त्व आले. आर्य समाजाने ठिकठिकाणी तरुणांना लाठी आणि व्यायामाचे शिक्षण दिले. उदगीरचे वकील भाई श्यामलाल या कार्याचे एक अध्वर्यू होते, आणि १९३८ च्या अखेरीस बिदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी आर्य समाजाच्या सत्याग्रहात हजारोंनी कारावास पत्करला. सत्याग्रहात लाठी उचलायची नव्हती, तरी लाठीपुढे उभे राहण्याचे धैर्य आखाड्याच्या मातीनेच पुष्कळांस दिले, हे मला निःसंशय वाटते.

१९४६ नंतर मात्र एकटी लाठी पुरेनाशी झाली. निजामसमर्थक रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरातच वकिली केलेला. त्याच्या बंदूकधारी टोळ्यांपुढे गावकऱ्यांस गढ्यांचा आणि मिळेल त्या हत्याराचा आश्रय करावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, ती या सशस्त्र प्रतिकारास पैसा मिळावा म्हणूनच. सप्टेंबरातील भारत सरकारच्या पोलीस कारवाईने ते संकट निवारले आणि त्याबरोबर लाठीची निकडही ओसरली.

त्यानंतर तालमीत उरली ती कुस्ती, आणि ती उरली हे थोर भाग्य. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या खंडांतून लाठी, फरी-गदका, दांडपट्टा, जंबिया यांचे हात वेळीच नोंदवून ठेवले, हा तर सर्व महाराष्ट्रावरील उपकार आहे. परंतु या साऱ्या परंपरेत एक मोठी उणीव होती: हनुमंताच्या तालमीचा उंबरठा स्त्रीला ओलांडता येत नसे. आज शाळांतून मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षणाचे जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात मनगट सोडविणे, कोपराचा आघात, ओरडून मदत मागणे असे साधे, परंतु उपयोगी पाठ असतात, आणि ते बहुधा कराटे-ज्युदोच्या शिक्षकांकडून मिळतात. फरी-गदका जाणणारे जे थोडे वस्ताद उरले आहेत, त्यांनाही या वर्गांवर मानधन देऊन बोलवावे, अशी माझी शिक्षणखात्यास मनःपूर्वक विनंती आहे.