दसरा, चेतक आणि मागची सीट

गाडीची किल्ली खिशात टाका. आज तिचा उपयोग नाही. डोळे मिटा आणि उघडा.

पायाखाली झेंडूच्या पाकळ्या, नाकात उदबत्ती, पेट्रोल आणि खाडीच्या चिखलाचा एकत्र वास. सकाळचे नऊ वाजलेत आणि ऑक्टोबरचं ऊन मानेवर चढायला लागलंय. वाशीच्या सेक्टर 9 मध्ये, सिडकोच्या जेएन-2 इमारतीच्या आवारात तुम्ही उभे आहात. 1991 चा दसरा. लोकल अजून मानखुर्दलाच संपते. पुढच्या मेमध्ये ती खाडी ओलांडून वाशीला येईल. तोवर पलीकडे जायचं तर बसची रांग, नाहीतर स्वतःची गाडी. म्हणूनच आज इथल्या पूजेला एवढी गर्दी आहे.

जरा बाजूला व्हा, बादलीतलं पाणी अंगावर येईल. पोरं चड्डीवर, अनवाणी, गाड्या धुताहेत. रांगेतली पहिली लूना तळमजल्यावरच्या शाळेतल्या बाईंची. हँडलला आंब्याचा टाळा, पुढच्या पिशवीत तपासायच्या वह्या. तिच्यापलीकडे बँकेत लागलेल्या मुलीची कोरी कायनेटिक होंडा. बटण दाबलं की सुरू होते, आणि ते बटण एकदा तरी दाबायला मिळावं म्हणून अख्खं आवार तिच्याभोवती घोटाळतंय. नंबरप्लेटही नवीकोरी आहे, एमएच-04. म्हणजे ठाणे. राहायला नवी मुंबई, नंबर ठाण्याचा, आणि मुलीच्या वडिलांना विचारा कुठले, तर छाती पुढे काढून सांगतात, ‘आम्ही गिरगावचे.’

फाटकाजवळ मॅटॅडोर उभी आहे. दोन्ही बाजूंना केळीचे खांब, काचेच्या वर रंगवलंय, ‘आई काळूबाईची कृपा’. चालक कुठला ते आता विचारायची गरज उरली का? मांढरदेवची आई त्याच्याबरोबर साताऱ्याहून निघाली ती थेट तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटपर्यंत आली. इथे प्रत्येकजण कुठून तरी आलाय, आणि सोडून आलेलं गाव त्याने गाडीच्या कपाळावर लिहून ठेवलंय.

आता रांगेतली शेवटची गाडी बघा. इमारतीतल्या काकांची फिकट निळी चेतक. राणा प्रतापच्या घोड्याचं नाव लावणारी, आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली. काकांनी नोंदणी केली तेव्हा धाकटा पाळण्यात होता. गाडी दारात आली तेव्हा तो दप्तर पाठीला लावून शाळेत निघाला होता. मधली सगळी वर्षं घरात ‘आपला नंबर कधी लागेल?’ हा एकच विषय. काकू पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढताहेत, बोट अजिबात न हलवता. नारळ फुटतो. पाण्याचे शिंतोडे तुमच्या पायावर उडतात, खोबऱ्याचा गार तुकडा हातात पडतो.

खा, आणि खाता खाता चेतकचं पुढचं पायदान बघा. त्याच्या रबरावर एक गोल ठसा उमटलाय. गॅसच्या टाकीचा. इमारतीत कुणाचाही गॅस संपला की काका दोन पायांच्या मध्ये टाकी उभी करतात आणि घेऊन येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना रात्री दोनला कळा सुरू झाल्या, तेव्हा त्या याच मागच्या सीटवर, काकांचा शर्ट मुठीत धरून दवाखान्यात पोचल्या. त्या रात्री जन्मलेली मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि या क्षणी हँडलला लोंबकळतेय. चेतकच्या कागदांवर एकट्या काकांचं नाव आहे. पण ‘आपली स्कूटर’ म्हणणारी सोळा घरं आहेत.

“चाळीत किती वाजता निघायचं?” काकू विचारतात. दरवर्षी दसऱ्याला सगळे पुलापलीकडे जातात, जुन्या चाळीत, थोरल्यांना सोनं द्यायला.

“चाळीत संध्याकाळी,” काका म्हणतात. “आधी गावात जाऊन येतो.”

काकू क्षणभर थांबतात. या घरात गाव म्हणजे चिपळूण. मग त्यांच्या लक्षात येतं, काका वाशीगावाबद्दल बोलताहेत.

“बसा मागे,” काका तुम्हाला म्हणतात. स्कूटर एका अंगाला तिरकी करून ते सरळ करतात. एक किक, दोन, तीन. डिकीतून पॉलिश पेपर निघतो, प्लग घासला जातो, बोटं काळी होतात. चौथ्या किकला ती खोकते आणि धडधडायला लागते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा निळसर धूर तोंडावर येतो. पाठीमागे स्टेपनी टोचतेय, सीट तापलीय, आणि हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. ठेवा काकांच्या खांद्यावर. इथे कुणी लाजत नाही.

रस्ता रुंद, रिकामा, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत. वारा फिरला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा उग्र दर्प येतो, पुन्हा फिरला की कांद्याचा. हायवेवर हार घातलेले ट्रक एकामागे एक उभे आहेत. वळण घेतलं की वास एकदम बदलतो. सुकत घातलेली मासळी, ओलं जाळं, शेणाने सारवलेलं अंगण. वाशीगाव आलं.

ओट्यावर आजी बसल्यात. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काकांच्या इमारतीत मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या त्याच. एकदा भर पावसात काकांनी त्यांना पाटीसकट मागे बसवून घरी सोडलं होतं. आठ दिवस सीटचा वास गेला नाही आणि काकूंनी आठही दिवस तक्रार केली नाही. ‘तुमची बिल्डिंग हाये ना,’ आजी सहज सांगतात, ‘तथं आमची भातं व्हती.’ आवाजात राग नाही. पण ते ऐकून काकांची मान खाली जाते. आपट्याचं पान ते दोन्ही हातांनी देतात, वाकून.

आजींच्या घराची गाडी ओहोटीच्या चिखलात कलंडून पडलीय. होडी. तिच्या नाळेलाही झेंडूचा हार आहे, खाऱ्या वाऱ्याने कोमेजलेला. भोवती निवट्या चिखलावर टणाटण उड्या मारताहेत. लाकडाला हात लावून बघा. वल्हं घासून घासून काठ काचेसारखा गुळगुळीत झालाय, आजोबांच्या, त्यांच्या बापाच्या आणि आजाच्या हातांनी. होडीला नंबरप्लेट नाही, कपाळावर गावाचं नावही नाही. गाव तिच्या भोवतीच पसरलंय.

समोर खाडीत, रस्त्याच्या पुलाशेजारी, रेल्वेच्या पुलाचे खांब उन्हात पांढरे दिसतात. पुढच्या वर्षी त्यांच्यावरून हजारो माणसं इथे उतरतील, आणि आपण कुठले, हा प्रश्न प्रत्येकाच्या खिशात असेल. उत्तर सोपं नाही. पण आज सकाळपासून तुम्ही ते बघताय. गाडी कोणती घेतली, यावरून माणूस कुठून आला ते कळतं. मागच्या सीटवर कोणाकोणाला बसवलं, यावरून तो कुठला झाला ते कळतं.

आजी आता तुमच्याकडे बघताहेत, डोळ्यांवर हात धरून.

“ह्यो कोन रं?”

काका रुमालाने सीट पुसतात. ऑइलचा काळा डाग अजून बोटांवर आहे.

“इथलेच आहेत, आजी,” ते म्हणतात. “माझ्या मागे बसून आलेत.”

आजी मान हलवतात आणि तुमच्या हातात आपट्याचं पान ठेवतात.