कृष्णाकाठचे महापूर आणि गावाचा कारभार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पुराचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सांगली-कोल्हापूर भागातील आपला समाज प्रामुख्याने शेतकरी आहे. नदीकाठच्या अनेक गावांची पाटीलकी जैन घराण्यांकडे होती, आणि महापूर येतो तोही नेमका चातुर्मासात. या काठाचा इतिहास हा आपल्याही घरचा इतिहास होय.

पूर्वी पुराची वर्दी देण्यास सरकारी यंत्रणा नव्हती. गावाची स्वतःची होती. नरसोबाच्या वाडीस कृष्णेचे पाणी देवाच्या पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडले, की खालच्या गावांना जे समजायचे ते समजे. पाटलाने दवंडी पिटवावी, नावाड्याने नाव सज्ज ठेवावी, उंचावरच्या देवळात व मठात माणसे न्यावीत, असा परिपाठ होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दवंडी सर्वांच्या कानी पडे, परंतु देवळाचे दार सर्वांस उघडे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. तथापि निर्णय गावात होत असे, आणि तो घेणारा माणूस पाणी डोळ्यांनी पाहत असे.

१९२९ साली सांगलीत आयर्विन पूल खुला झाला. पुढे त्यावरील फुटांचे आकडे हीच या भागाची पूरभाषा बनली: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले, तेव्हा जाणत्यांचे अडाखे चुकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्षपद मिळाले. स्थानिक संस्थांवर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साधनसामग्रीची निगा व मदतकार्य ही कर्तव्ये सोपविण्यात आली. निधी मात्र राष्ट्र, राज्य व जिल्हा या तीन पातळ्यांवरच थांबला. १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान असले, तरी अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत आपत्ती व्यवस्थापनाचा उल्लेख नाही. म्हणजे काम गावाचे, तिजोरी जिल्ह्याची! २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली; खेडे होते तेथेच राहिले.

या उणिवेची किंमत २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोजावी लागली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरनजीक कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा-येरळेच्या संगमावरील त्या गावात, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन निघालेली स्थानिक नाव उलटली. स्त्रिया व बालकांसह अनेक जीव गेले. नाव होती, धीराची माणसेही होती. परंतु किती माणसे बसवावीत आणि पाणी किती चढले असता गाव सोडावे, हे आधी ठरवून ठेवणारी व्यवस्था नव्हती.

गाव वेळेवर का सोडले नाही, असे शहरातील माणूस सहज विचारतो. उत्तर गोठ्यात आहे. दावणीच्या म्हशी सोडून जाणे शेतकऱ्यास जमत नाही. जनावरांच्या छावणीची व वैरणीची सोय आधी झाली असती, तर अनेक कुटुंबे आधीच निघाली असती. पुनर्वसनाची उंचावरील जागा मिळूनही जुने घर न सुटण्यामागे हेच शेत आणि हाच गोठा असतो. जीवदया हा ज्या समाजाचा धर्म, त्याला हे निराळे सांगावयास नको.

पुढे कारणांची चर्चा अलमट्टी धरणाभोवती फिरत राहिली. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० च्या अहवालात त्या धरणास मुख्य कारण मानले नाही. त्यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. प्रस्तुत लेखकास मात्र पूररेषेचा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतील पुराची लाल रेषा शासन आखते. पण त्या रेषेच्या आत भिंत उभी राहू लागली की ती प्रथम दिसते ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस. धरणाचा वाद दोन राज्यांचा आहे, ही भिंत आपल्या गल्लीतील आहे.

२०२१ च्या जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, पुन्हा महापूर आला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने २०१९ ची पातळीही ओलांडून ५६ फूट गाठले. या खेपेस पुष्कळ गावांनी हुकमाची वाट पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाण्याची खूण घरांच्या भिंतींवर अद्याप होती. ती पाहून जनावरे आधी हलली, आणि जनावरांच्या मागोमाग माणसे.