परदेशी वकिलाची सनद : गांधींचा दक्षिण आफ्रिकेतील व्यवसाय
एका देशात पात्र ठरलेल्या वकिलास अन्य देशात व्यवसायासाठी तेथील न्यायालयाची सनद घ्यावी लागते. ती कोणत्या वर्गाची असावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो. मोहनदास करमचंद गांधी (१८६९–१९४८) १८९१ मध्ये लंडनच्या इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. १८९४ मध्ये त्यांनी नाताळ वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाकडे ॲडव्होकेटच्या सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा तेथील वकिलांच्या संस्थेने हरकत घेतली. प्रवेशाचे नियम करताना गौरेतर अर्जदार अभिप्रेत नव्हता, हा तिचा मुख्य आक्षेप. कायदा वर्णभेद मानत नाही, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. शपथविधीनंतर पगडी मात्र उतरवावयास लावली.

ट्रान्सव्हालमध्ये ॲडव्होकेट व ॲटर्नी हे वर्ग भिन्न होते. ॲडव्होकेटला पक्षकाराशी थेट संबंध ठेवता येत नसे. त्याच्याकडे काम ॲटर्नीमार्फत येई, आणि गोरे ॲटर्नी गांधींना काम देण्याचा संभव नव्हता. म्हणून बॅरिस्टर असूनही त्यांनी १९०३ मध्ये ॲटर्नीची सनद घेतली व जोहॅनिसबर्गला कचेरी थाटली. परवाने व वास्तव्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या भारतीयांना त्यामुळे त्यांची दारे खुली राहिली. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहण्याचा अधिकार ॲटर्नीलाही होताच.