बदलीची शाळा : जिनिव्हा, दिल्ली आणि दुबई

दुबईत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न घरभाड्याचा असतो आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. खरे तर क्रम उलटा हवा, कारण घर कुठे घ्यायचे हे पुढे शाळाच ठरवते. मग मंडळाच्या कार्यक्रमात जुनीजाणती मंडळी सल्ले देऊ लागतात. कुणी म्हणते सीबीएसई सोडू नका, कुणी म्हणते आता आयबीशिवाय गत्यंतर नाही. या दोन सल्ल्यांमागे दोन वेगळे इतिहास आहेत आणि दोन्हींचा उगम एकाच गोष्टीत आहे : बापाची बदली.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव आणि फीचा आकडा येतो. मूळ कल्पना मात्र बरीच साधी होती. लंडनजवळ स्प्रिंग ग्रोव्ह येथे १८६६ साली अशी एक शाळा सुरू झाली. युरोपातील चार देशांत एकाच अभ्यासक्रमाच्या शाळा असाव्यात आणि मुलाने एकीतून दुसरीत जाताना त्याचे वर्ष बुडू नये, अशी ती योजना होती. विज्ञानाच्या शिकवणीत खुद्द हक्सलेंनी लक्ष घातले होते. पण योजना पुरी झाली नाही आणि १८८९ मध्ये ती शाळा बंद पडली.

ही कल्पना तगली ती जिनिव्हात. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कचेरी तेथे थाटली गेली आणि नाना देशांचे अधिकारी बायकामुलांसह येऊन राहिले. स्थानिक शाळेत घातले तर मूल फ्रेंच शिकेल, पण चार वर्षांनी परत गेल्यावर आपल्या देशातल्या परीक्षेला कसे बसेल, ही त्यांची चिंता होती. आपली चिंता याहून निराळी नाही. आर्थर स्वीटसर, लुडविक रायखमन अशा अधिकाऱ्यांनी शिक्षणतज्ज्ञ अडोल्फ फेरिएर यांना हाताशी धरले आणि १९२४ च्या सप्टेंबरात अवघ्या आठ मुलांची शाळा सुरू केली. कमला नेहरूंच्या उपचारासाठी नेहरू कुटुंब १९२६ साली जिनिव्हात राहायला गेले, तेव्हा छोटी इंदिरा याच शाळेत जात असे.

शाळेचे ध्येय विश्वशांतीचे होते, आणि ते मनापासून होते यात शंका नाही. पण वरच्या वर्गात गेल्यावर ध्येय बाजूला राही आणि परीक्षा पुढे येई. एकाला स्विस मॅच्युरिटे हवी, दुसऱ्याला फ्रेंच बॅकलोरिया, तिसऱ्याला इंग्लंडची जीसीई, चौथ्याला अमेरिकन कॉलेज बोर्ड. खालच्या वर्गांत एकत्र वाढलेली मुले शेवटच्या दोन वर्षांत राष्ट्रवार वाटली जात. आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. चार यंत्रणांना एकमेकींशी बोलायचे असेल तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुभाष्या लिहीत बसायचे, की सगळ्यांनी मिळून एकच सामायिक आराखडा मानायचा? १९६२ साली जिनिव्हातल्या शिक्षकांच्या एका परिषदेत दुसऱ्या पर्यायाचा विचार सुरू झाला. त्यातूनच १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकलोरिएट, म्हणजे आपण ज्याला आयबी म्हणतो ती संस्था उभी राहिली. ऑक्सफर्डचे अलेक पीटरसन तिचे पहिले प्रमुख, आणि पहिली अधिकृत परीक्षा १९७० ची.

आता योगायोग पाहा. त्याच १९६२ साली दिल्लीत सीबीएसईची पुनर्रचना झाली. कशासाठी? तर ज्या केंद्र सरकारी नोकरांची वरचेवर बदली होते, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. केंद्रीय विद्यालयांची योजनाही त्याच वर्षीची. शाळा सोडल्याचा दाखला आणि सामानाच्या ट्रंका घेऊन पठाणकोटहून पुण्याला आलेल्या जवानाच्या मुलाला नव्या वर्गात तेच पुस्तक, तोच धडा मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. प्रश्न एकच, पण उत्तरे दोन. जिनिव्हाने गृहीत धरले की मूल कोणत्याही देशात जाईल. दिल्लीने गृहीत धरले की कितीही फिरले तरी ते भारतातच राहील.

आखातात हे दुसरे गृहीतक आपल्या माणसांना पटले, आणि पटण्यासारखेच होते. बहारीनमध्ये भारतीय शाळा १९५० साली सुरू झाली, दुबईत १९६१ साली. येथे कुणी कायमचे राहायला येत नव्हते. नोकरी संपली की परत जायचे, हे ठरलेलेच. मूल बारावी होऊन भारतातच कॉलेजला जाणार, तर अभ्यासक्रम भारताचा हवा. १९९० च्या ऑगस्टात कुवेतवर आक्रमण झाले आणि पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणावे लागले. घर, बँकेतले पैसे, सगळे मागे टाकून आलेल्या माणसाच्या मुलाला निदान ओळखीचे पुस्तक मिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको.

पण गृहीतके बदलतात. आज आपल्यातले कित्येक जण दुबईतून भारतात न जाता टोरांटोला किंवा मेलबर्नला जातात. त्यामुळे अर्ज भरताना 'शाळा चांगली कोणती' यापेक्षा 'मूल शेवटची परीक्षा कोणत्या देशाच्या दारात दाखवणार आहे' हे आधी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आयबीला भारतीय विद्यापीठ संघाची बारावीसमान मान्यता १९८३ पासून आहे. तरी मे महिन्यात दिलेल्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो. भारतात इंजिनिअरिंगला घालायचे असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय एकत्र घेता येतील का, हेही त्या शाळेत आधीच विचारावे लागते. उलट, येथील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते आणि ब्रिटिश व आयबी शाळांचे साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरला. त्यामुळे मधेच एकीतून दुसरीत जाणाऱ्या मुलाची काही महिन्यांची ओढाताण होते. दाखल्यावरचे शिक्के भारत सोडण्यापूर्वीच करून घ्यावेत. ते काम येथून करायचे म्हणजे गावाकडच्या भावाला सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालायला लावणे.

राहता राहिली मराठी. सीबीएसईच्या विषयांच्या यादीत मराठी आहे, पण यादीत असणे वेगळे आणि शाळेत शिक्षक असणे वेगळे. गंमत म्हणजे या बाबतीत परक्या वाटणाऱ्या आयबीत एक खिडकी आहे. शाळेत शिक्षक नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली मुलाला आपल्या मातृभाषेचे साहित्य स्वतः वाचून त्याची परीक्षा देता येते. नेहमीच्या यादीत नसलेल्या भाषेसाठी बरीच आधी विशेष विनंती करावी लागते, आणि शाळेची तयारी असावी लागते. ही तयारी आहे का, हे प्रवेशाच्या मुलाखतीतच विचारून घ्यावे. मूल अकरावीत गेल्यावर विचारले तर मुदत टळून गेलेली असते.