चरबीची टाकी

डॉक्टरेट करताना कुणी सांगितलं असतं की एक दिवस तू खरकट्या पाण्याच्या टाकीचं कंत्राट तपासशील, तर मी हसलो असतो. पण इथे अमेरिकेत आमच्या संशोधन केंद्राच्या कॅन्टीनमधल्या 'ग्रीस ट्रॅप'च्या सफाईचं काम समितीत फिरत फिरत माझ्याकडे आलं, आणि मी सगळ्यात स्वस्त निविदेवर सही करून मोकळा झालो.

रचना अगदी साधी. भांडी धुतलेलं पाणी टाकीत थबकतं, निवतं; तेल वर येतं, खरकटं तळाशी बसतं, मधलं पाणी गटारात जातं. गार झालेल्या रश्श्यावर तवंग धरतो ना, तसंच. सन १८८४ मध्ये नॅथॅनिएल व्हायटिंग यांनी याचं पेटंट घेतलं. तत्त्व आजही तेच.

गंमत म्हणजे स्वयंपाकघरातल्या या चरबीला एकेकाळी भाव होता. १९४२ पासून अमेरिकेत गृहिणींना आवाहन होतं, तव्यातली चरबी फेकू नका, डब्यात साठवून खाटकाकडे द्या. तिच्यातून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनमधून स्फोटकं! पुढे तर पौंडामागे ४ सेंट आणि वर २ रेशन पॉइंट मिळू लागले. आजही कढईतलं वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी विकलं जातं, पण टाकीतला गाळ न्यायला उलट आपणच पैसे मोजायचे.

मेख इथेच आहे. फेरीमागे ठरलेली रक्कम मिळते, तेव्हा कमी उपसण्यात फायदा. आमचा कंत्राटदार वरचा थर काढायचा, तळ तसाच, पावतीवर मात्र 'पूर्ण रिकामी'. मी न बघता मंजूर करायचो. एका दुपारी पाणी उलटं आलं आणि भांडी घासणारी माणसं घोटाभर घाणीत उभी होती. त्यांतला एकजण तीन महिने सांगत होता म्हणे. कुणाला, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

गटारात गेलेली चरबी कॅल्शियमशी मिळून साबणासारखी घट्ट होते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखाली असा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी चक्क संग्रहालयात मांडला!

असो. नव्या करारात टाकी तळापर्यंत उपसून, भिंती खरवडून, पुन्हा स्वच्छ पाण्याने भरायची आहे. तेल आणि गाळ मिळून पाव खोली भरली की फेरी, तारीख काही असो. मोजायची काठी त्या भांडी घासणाऱ्या गृहस्थांकडे असते. पावतीवर सहीही आता त्यांचीच लागते.