मोत्यांच्या होडीवरचा विस्तव

बहरीन आणि थंडी? तिथे राहणारे तुमच्यापैकी काही जण हसतील. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मोती काढणाऱ्या पाणबुड्याला विचारलं असतं, तर त्याने हंगामाचं नावच सांगितलं असतं: घौस अल-बारिद, म्हणजे थंड बुडी. एप्रिलच्या मध्यापासून साधारण चाळीस दिवस, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात. मोठा हंगाम त्यानंतर, जून ते सप्टेंबरअखेर.

एप्रिलमध्ये मनामा शहर काही गारठत नाही. गारठतो तो पाण्यातला माणूस. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. हा तर जवळजवळ उघडा, नाकाला चिमटा, पायाशी दगड, पोटात चार खजूर आणि कॉफी. भरल्या पोटी बुडी मारवत नाही, त्यामुळे खरं जेवण रात्री. ठरावीक बुड्या झाल्या की पहिली तुकडी वर येऊन कुडकुडत बसायची आणि दुसरी उतरायची. अशा वेळी विस्तव हवाच.

पण ठेवायचा कुठे? होडी मलबारच्या सागवानाची. फटींत तेलात भिजवलेला कापूस, फळ्यांना माशाचं तेल. अख्खी होडीच सरपण! म्हणून चूल म्हणजे वाळू-माती भरलेली एक लाकडी पेटी, उघड्या डेकवर. तिच्यावरच भात, तिच्यावरच कॉफी, आणि हात शेकायचे तेही तिथेच. खाली वाळू असल्यामुळे फळी जळत नसे, वर आभाळ असल्यामुळे धूर वाऱ्यावर जाई.

होडीच्या प्रमुखाला तिकडे ‘नोखदा’ म्हणतात. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ त्याच फारसी शब्दातून आला. या नोखदाकडून पाणबुड्याला पगार नसे. आधी उचल, मग हंगामाअखेरच्या विक्रीतला वाटा, आणि त्यातून उचल वजा. कर्ज वर्षानुवर्षं फिटत नसे, बाप गेला तर मुलाच्या डोक्यावर येई. त्यामुळे विस्तवाशी घटकाभर जास्त बसणं त्याचं त्यालाच महाग पडे. (मोत्यांच्या इतिहासात ही बाजू मला मोत्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.) 1920 च्या दशकात सरकारने हिशेबवह्या सक्तीच्या केल्या, तरी 1932 मध्ये पाणबुड्यांचा उद्रेक झालाच. त्याच वर्षी बहरीनमध्ये तेल लागलं. जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी धंदा आधीच खिळखिळा केला होता.

आज तिथले मच्छीमार बरेचसे फायबरच्या होड्यांवर असतात. जानेवारीत ‘शमाल’ हा वायव्येचा वारा सुटला की रात्री समुद्रावर हुडहुडी भरते. होडीला बंद केबिन असली की कोळशाची शेगडी आत घ्यायचा मोह होतो, आणि नेमका तिथेच जीव जातो. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही; रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. डोकं दुखतं, झोप येते, माणूस उठत नाही. फटभर खिडकी उघडी ठेवून भागत नाही. भरीला पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरते.

आत ऊब हवीच असेल तर होडीसाठीच बनवलेला, जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारा आणि धूर नळीने बाहेर सोडणारा हीटर हवा. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तुमच्याकडे कॅम्पिंगच्या तंबूत बार्बेक्यू नेणाऱ्यांनाही हेच लागू. वरून विझल्यासारखा दिसणारा कोळसा राखेखाली तासन्‌तास धुमसत असतो, तेव्हा निजताना शेगडी बाहेरच ठेवायची.