दुप्पट लस

माझ्या थोरल्या बंधूंना डायलिसिस सुरू व्हायचे होते, त्याआधी काविळीची लस टोचायची होती. इतर प्रौढांना वीस मायक्रोग्रॅमची मात्रा पुरते. दादांना चाळीसची सांगितली, आणि तीही चारदा. “बिघडली ती मूत्रपिंडे, मग लस का दुप्पट?” त्यांनी मला विचारले. घरात पुस्तकांचा नाद मलाच, तेव्हा उत्तर शोधण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले.

लंडनच्या गाय्ज इस्पितळातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि खराब मूत्रपिंडे यांची सांगड घातली. चमचाभर लघवी मेणबत्तीवर तापवायची आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखे काही गोठते का ते पाहायचे, इतकी साधी परीक्षा! शवविच्छेदनात मात्र त्यांना हृदयाच्या व फुप्फुसांच्या आवरणांचाही दाह आढळे. विकार मूत्रपिंडापुरता राहत नाही, एवढे त्यावरून कळले.

पुढचा धागा बोस्टनला सापडला, तोही आडवाटेने. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती एरवी एकदोन आठवड्यांत झिडकारते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांवर ती कितीतरी अधिक काळ टिकते, असे डॅमिन, काउच आणि मरे यांनी १९५७ साली दाखवले. ही काही शरीराची उदारता नव्हे. पहारा ढिला पडला होता.

पहारेकरी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. १९६८ साली असे दिसले, की डायलिसिस सुरू होताच काही मिनिटांत त्यांची संख्या एकदम घसरते. त्या मेलेल्या नसत; फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकून पडत आणि तासाभरात परतत. खरे मरण निराळे. पेशी स्वतःहून मरते त्या क्रियेला अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी १९७२ साली अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले; मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग झाले, ते मला फार बोलके वाटतात: निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी अशा रुग्णाच्या रक्तद्रवात ठेवल्या, तर त्याही लवकर मरू लागतात. म्हणजे दोष केवळ पेशींचा नाही. न गाळलेल्या रक्तातच त्यांचे आयुष्य तोडणारे काही साचलेले असते. लसीचा धडा गिरवणाऱ्या लसिकापेशीही याच रक्तात वावरतात. म्हणून धडा दुप्पट, आणि चारदा.

दादांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे पोरे मठ्ठ नाहीत, शाळेचीच हवा वाईट.”

चौथ्या टोचणीनंतर रक्त तपासले. प्रतिपिंडांचा आकडा निदान दहा हवा होता, चौदा भरला. पुढल्या वर्षी पुन्हा तपासायचा आहे.